सत्तावीस टोले

आइशनटालच्या दगडी चर्चच्या मनोऱ्याखाली आलात, की भिंतीतल्या कडीला अडकवलेली एक जाड दोरी दिसेल. तिच्या शेजारी "हात लावू नये" अशी पाटी आहे. मित्रांनो, त्या दोरीच्या वरच्या टोकाला मी राहते. मी घंटा आहे. खूप जुनी. शनिवार-रविवारी शहरातून माणसे येतात, माझ्याकडे मान वर करून फोटो काढतात आणि समोरच्या दुकानात वाइन प्यायला जातात. मी वाजते कशी, हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नाही. तासातासाला जो आवाज गावावर घुमतो, तो माझा नाही. तो छतावरच्या कर्ण्यातून येतो. मी गप्प का झाले, ते आज तुम्हाला सांगते. जरा हळू सांगेन. मला एका वेळी एकच टोला द्यायची सवय आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. टेक्ससच्या या डोंगरांत जर्मनीहून आलेल्या कुटुंबांनी आधी घरे बांधली, मग चर्च बांधले, आणि मग त्यांच्या लक्षात आले की आपला मनोरा मुका आहे. समुद्रापलीकडून घंटा मागवण्याची ऐपत कुणाचीच नव्हती. तेव्हा गावातला तांबट कास्पर म्हणाला, "तुम्ही धातू आणा, घंटा मी ओततो." कुणी फुटका पितळी खल आणला, कुणी मेणबत्त्यांची घरे. गावच्या बँडमधल्या म्हाताऱ्याने आपला चेपलेला कर्णा आणला. एक बाई आलुबुखाराचा मुरंबा शिजवण्याचे तांब्याचे पातेले घेऊन आली आणि म्हणाली, "नीट वितळव रे बाबा, तळाला जरा करपलंय."

ते सगळे एका भट्टीत वितळले आणि मी झाले. त्यामुळे माझा आवाज थोडा घोगरा आहे. पहिल्या रविवारी मी वाजले तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "सर्दी झालीय हिला!" त्यावर कास्पर शांतपणे म्हणाला, "झाली असेल. तुझी भांडी किती स्वच्छ होती, ते मला विचारू नकोस."

मी रविवारी वाजत असे, लग्नात वाजत असे, आग लागली की घाईघाईने वाजत असे. पण माझे सर्वांत मोठे काम वेगळे होते. गावात कुणी वारले, की मी वयाचे टोले देत असे. पुरुष असेल तर आधी तीन टोले, बाई असेल तर दोन. मग थोडे थांबून, आयुष्याच्या प्रत्येक वर्षाला एक टोला. पहिला टोला कानावर पडला की शेतात नांगर थांबत. मेंढ्यांची लोकर कातरणारे हात थांबत. स्वयंपाकघरात बायका पिठाचे हात तसेच धरून ओठांतल्या ओठांत मोजत.

"अडुसष्ट... एकोणसत्तर... थांबली. म्हणजे सुताराची म्हातारी गेली."

"नाही गं, ती सत्तरची होती. हा चक्कीवाला."

"पण आधी दोनच वाजले ना? बाईच आहे."

"मग तिची बहीण."

लहान गाव होते. कोण किती वर्षांचे, हे सगळ्यांना तोंडपाठ होते. त्यामुळे मला नावे घ्यावी लागत नसत. तान्हे मूल गेले तर मी दोन किंवा तीन टोले देऊन थांबे, आणि मग फक्त एक. त्या एका टोल्यानंतर थांबणे मला सर्वांत जड जाई.

माझी दोरी एकतीस वर्षे थिलो माउरर या गवंड्याच्या हातात होती. त्याचे घर माझ्या पायथ्याशीच होते, आणि खिडक्या उघड्या असल्या की तिथले बोलणे मला ऐकू येई. टोले द्यायला येण्याआधी थिलो मक्याचे तितकेच दाणे मोजून खिशात घाली, आणि प्रत्येक टोल्याला एक दाणा डब्यात टाकी. एकतीस वर्षांत त्याचा एकही टोला चुकला नाही. त्याची बायको लवकर वारली होती. एकुलत्या एक मुलीला, ओटिलीला, तो शेजारी उभी करून सांगे, "टोला म्हणजे माणसाचं एक वर्ष. एक कमी दिलास तर त्याचं एक वर्ष तू गिळलंस. कळलं?"

ओटिली सहा वर्षांची झाली, त्या वर्षी मोठे युद्ध चालू होते. जर्मनी आता या देशाचा शत्रू होता. समोरच्या शाळेतले जुने मास्तर गेले आणि बाहेरून नव्या बाई आल्या. शाळेत फक्त इंग्रजी बोलायचे, असा हुकूम आला. मधल्या सुट्टीत कुणाच्या तोंडून जुन्या भाषेतला शब्द गेला, तर त्या मुलाला भिंतीकडे तोंड करून उभे राहावे लागे. वरून मला त्या भिंतीशी रोज तीन-चार छोट्या पाठी दिसत. त्यांत ओटिलीची पाठ बऱ्याचदा असे.

मित्रांनो, इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. तुम्ही "बहात्तर" म्हणता, तेव्हा तुमच्या तोंडून आधी दोन बाहेर पडतात आणि मग सत्तर. लिहिताना मात्र तुम्ही आधी सात लिहिता, मग दोन. आमच्या गावाची जुनी भाषा अगदी तशीच. तिच्यात "दोन-आणि-सत्तर" असेच म्हणतात. इंग्रजीत मात्र आधी सत्तर येतात, मग दोन. जसे ऐकले तसे लिहीत जायचे. ओटिली आकडे लिहायला शिकली ती इंग्रजीत. घरात बोलत राहिली ती जुन्या भाषेत. दोन भाषा एकाच डोक्यात राहू लागल्या, की त्या कधीकधी एकमेकींच्या चपला घालून बाहेर पडतात.

याची गंमत गावाला कळली ती एका रविवारी, प्रार्थनेनंतरच्या कॉफीला. पाद्रीबुवांच्या बायकोने ओटिलीला बेकरीतून पाव आणायला सांगितले होते. ओटिली दोन टोपल्या भरून घेऊन आली.

"एवढे कशाला गं?" पाद्रीबुवांची बायको म्हणाली.

"बेचाळीस सांगितले होतेत ना?"

"चोवीस! चार-आणि-वीस!"

बेकरीवाली हुल्डा मागून आलीच होती. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी विचारलं हिला, गावात लग्न आहे का म्हणून. तर म्हणते, कागदावर लिहिलंय. आता उरलेले अठरा तूच खा हो, उलट्या ओटिली!"

सगळे हसले. थिलोही हसला. ओटिलीसुद्धा हसली, पण तिचे कान लाल झाले होते. त्या दिवसापासून तिचे नावच "उलटी ओटिली" पडले. कुणी वाईट मनाने म्हणत नसे. दुकानात, रस्त्यात, चर्चच्या पायरीवर, "काय उलटे, आज सुलट का?" एवढेच. पण रोज. हळूहळू ओटिलीने आकडा दुसऱ्यांदा विचारणे सोडून दिले. विचारले की लोक हसत. न विचारता चालवून नेले, तर निदान त्या क्षणी कुणी हसत नसे.

ओटिली तेवीस वर्षांची असताना थिलोला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. दोरी ओटिलीच्या हातात आली. दुसरे कुणी ते काम मागत नव्हते, आणि ती ते मनापासून करी. बापासारखेच मक्याचे दाणे मोजून घेई. पहिले वर्षभर ती कुठेही चुकली नाही, कारण निरोप द्यायला माणसे स्वतः येत, आणि कोण गेले, किती वर्षांचे होते, हे समोर बसून सविस्तर बोलत.

मग टेलिफोन आला. एकच तार आठ-दहा घरांत फिरलेली. एकाने बोलायला घेतले, की बाकीचे गुपचूप ऐकत. ओढ्यापलीकडे मात्र ती तार गेली नव्हती. आणि ओढ्यापलीकडे थेक्लाकाकू राहत होती.

थेक्लाकाकू विधवा होती. शेळ्या पाळायची. तिला आर्नो हा एकच मुलगा, सत्तावीस वर्षांचा. त्या वसंतात आर्नोला न्यूमोनिया झाला. तिने त्याला खेचराच्या गाडीत घालून गावात आणले, डॉक्टरांच्या घरी ठेवले, आणि शेळ्या व्यायला आलेल्या म्हणून तिला परत जावे लागले. जाताना ती माझ्या खाली, चर्चच्या दाराशी थांबली. ओटिली पायऱ्या झाडत होती.

"डॉक्टर म्हणतात, दोन दिवसांत ताप उतरेल, नाहीतर..." तिने पुढचे गिळले. "मला कसं कळणार गं? आमच्याकडे तार नाही. शेळ्या सोडून येता येत नाही, आणि घरी तर जीव लागत नाही."

ओटिलीने झाडू भिंतीला टेकवला आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"काकू, तुम्ही घंटेकडे कान ठेवा. वाईट काही झालं, तर ती सांगेल. ती गप्प असली, तर समजा, आर्नो बरा होतोय."

"नक्की?"

"घंटा माझ्या हातात आहे ना! मी खोटं वाजवीन का?"

थेक्लाकाकूने तिच्या गालाला हात लावला. "गुणाची आहेस," म्हणाली, आणि गाडीत चढली. मनोऱ्याच्या खिडकीतून मला ओढ्याचा उतार दिसतो, जिथून गाड्या पाणी ओलांडतात. गाडी पाण्यातून पलीकडे जाताना मी पाहिली. पाणी तेव्हा खेचराच्या घोट्याइतके होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओटिलीच्या घरी टेलिफोन खणखणला. गावातल्या हेनिग कुटुंबाच्या घरून होता. दुसऱ्या टोकाला काय बोलले गेले, ते ओटिलीने नंतर माझ्या खाली उभे राहून पाद्रीबुवांना सांगितले. म्हणून मला ठाऊक आहे.

"योआखिम गेला गं," हेनिगांची म्हातारी म्हणाली.

"अरे देवा! कधी, काकू?"

"आत्ता, पहाट उजाडताना. झोपेतच."

"वय किती लिहू?"

तारेत खरखर झाली. "दोन-आणि-सत्तर."

"काय म्हणालात?"

"दोन-आणि-सत्तर गं!" म्हातारी रडू लागली. तेवढ्यात तारेवर चोरून ऐकणारे कुणीतरी म्हणाले, "आकडा आहे हो, ओटिली. सांभाळून!"

ओटिलीचे कान तापले. तिने फोनजवळच्या पाटीवर आधी ऐकलेला दोन लिहिला, मग सात. तिसऱ्यांदा तिने विचारले नाही. फोन ठेवला.

हेनिगांच्या घरात योआखिम दोन होते. या लोकांत आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. आजोबा बहात्तर वर्षांचे. नातू आर्नोच्याच वर्गातला, सत्तावीसचा, आणि गेल्या उन्हाळ्यात नेमबाजीच्या जत्रेत ओटिली त्याच्याबरोबर नाचली होती. पाटीवरचा आकडा पाहताच तिच्या डोळ्यांसमोर तो नातूच आला. तिने रडत रडत सत्तावीस दाणे मोजले. रडत रडतच दोरी धरली.

तीन टोले. थांबा. मग एक, दोन, तीन... मी देत गेले. मला काय माहीत, मित्रांनो? दोरी ओढली जाते आणि मी बोलते. सत्तावीसला दाणे संपले आणि मी थांबले.

आभाळ निरभ्र होते. पण रात्री वरच्या डोंगरांत पाऊस कोसळला होता, आणि ते पाणी आत्ता खाली पोहोचत होते. आमच्याकडचे ओढे असेच. डोक्यावर ऊन असते, आणि पायाखालून पूर येतो. उताराजवळ पाणी तांबडे झालेले मला दिसत होते.

ओटिली थोडा वेळ दोरी धरून तशीच उभी राहिली. एप्रनने डोळे पुसले. आणि मग तिच्या तोंडून एकच शब्द निघाला. "काकू!"

योआखिम आणि आर्नो, दोघेही सत्तावीसचे! थेक्लाकाकू कान लावून बसली असेल! कुणाला तरी घोड्यावरून तिकडे पाठवायला हवे, म्हणून ती धावत घराकडे गेली. दारात थिलो पडलेला होता. तो बिछान्यावरून खाली घसरत, एका हाताने जमीन ओढत उंबऱ्यापर्यंत आला होता. त्याने टोले मोजले होते. हेनिगांचा म्हातारा आजारी असल्याचे त्याला माहीत होते. तोंडातून नुसता आवाज येत होता, शब्द येत नव्हते. त्याने डावा हात वर केला. पाच बोटे. मग दोन. थोडे थांबून पुन्हा दोन.

सात. आणि दोन.

ओटिलीला कळले, सत्तावीस नव्हे, बहात्तर. घोडेस्वार शोधायला वेळ लागला असता. ओढ्यापलीकडे लगेच पोहोचेल असे गावात एकच कुणीतरी होते, आणि ती मी. ओटिली उलट धावली, दोरी धरली आणि राहिलेले पंचेचाळीस टोले द्यायला लागली. बहात्तर पुरे झाले, की काकूला कळेल, आर्नो नाही, म्हातारा गेला. तिने असा विचार केला. घाबरलेल्या माणसाला जेवढा सुचतो तेवढा तो विचार होता.

माझा नववा-दहावा टोला गेला असेल. उताराशी खेचराची गाडी आली. थेक्लाकाकू उभीच होती गाडीत. डोक्याला रुमालही नव्हता. खेचर पाण्याशी अडले. माझा आवाज ऐकून तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. मला वाटले, कळले तिला! आता ती थांबेल. पण उरलेले टोले नावाची भाषा या खोऱ्यात आजवर कुणी ऐकलीच नव्हती. आधी तीन नाहीत, आधी दोन नाहीत, नुसते एकामागून एक. तिला वाटले असावे, मी तिलाच बोलावते आहे.

तिने खेचराला चाबूक मारला.

मी टोले देत राहिले. दोरी ओढली जात होती, मला थांबता येत नव्हते. तिसाव्या टोल्याला गाडी अर्ध्या पाण्यात होती. तिथून पुढचे मी सांगत नाही, मित्रांनो. पंचेचाळिसावा टोला दिला, तेव्हा पलीकडच्या पेकानच्या झाडाशी एक चाक तेवढे वर दिसत होते, आणि ते फिरत होते.

संध्याकाळी माणसांना थेक्लाकाकू दोन मैल खाली सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आर्नोचा ताप उतरला. डोळे उघडल्यावर त्याने विचारले, "आई आली होती का?" डॉक्टरांच्या बायकोने त्याच्या तोंडाशी सूपचा चमचा धरला.

आठवड्याने ओटिली त्याच्याकडे गेली. त्या भेटीचे तिने पाद्रीबुवांना एवढेच सांगितले. ती म्हणाली, "आर्नो, चूक माझी आहे." त्याने भिंतीकडे तोंड केले आणि म्हणाला, "आकडा लिहिता येत नव्हता, तर दोरी कशाला धरलीस?"

त्यानंतर चर्चच्या पंचांनी ठरवले की वयाचे टोले बंद. एक जण म्हणाला, "आता टेलिफोन आहे, वर्तमानपत्र आहे. टोले हवेत कशाला?" कुणी विरोध केला नाही. टेलिफोनवर "सांभाळून" म्हणणारे माणूसही तिथेच कुठेतरी बसले असेल. तेही गप्प राहिले. थेक्लाकाकूसाठी मी वाजले नाही. त्याच हिवाळ्यात थिलो गेला. ज्याने साऱ्या गावाची वर्षे एकेक करून मोजली, त्याची स्वतःची वर्षे कुणी मोजली नाहीत. ओटिली दोरीजवळ आली, तिला हात न लावता थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली.

पुढे रविवारीही माझी गरज उरली नाही. कर्णे बसवले गेले. दोरी कडीला अडकवली गेली ती तशीच राहिली. कबुतरांनी माझ्या खांद्यावर घरटी केली. तरुण मुले शहरात गेली, जुनी भाषा म्हाताऱ्यांच्या तोंडात आक्रसत गेली, आणि दुकानांवर मात्र त्याच भाषेतल्या रंगीत पाट्या लागल्या. पूर्वी त्याच भाषेसाठी मुलांना भिंतीकडे तोंड करून उभे केले जात होते, हे पाट्या वाचणाऱ्यांना कोण सांगणार?

आर्नो आणि ओटिली मात्र गाव सोडून गेले नाहीत. एकाच चर्चमध्ये, तो उजवीकडच्या बाकावर, ती डावीकडच्या. सत्तावन्न वर्षे. तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. तिने लग्न केले नाही. रविवारच्या शाळेत ती लहान मुलांना शिकवू लागली. तिचा एकच नियम होता.

"मी काय म्हणाले?"

"छत्तीस, बाई."

"परत म्हण."

"छत्तीस."

"आता लिही. आणि कळलं नसेल, तर मला शंभरदा विचार. मी हसणार नाही. इथे कुणी कुणाला हसायचं नाही."

एखादे पोर हसलेच, तर एरवी इतकी मऊ असलेली ती बाई अशी काही बघे, की वर्ग चिडीचूप होई.

दर जून महिन्यात पीच पिकले की ती मुरंब्याची एक बरणी आर्नोच्या कुंपणावर ठेवून येई. पहिली काही वर्षे ती बरणी तिथेच राही, मुंग्या लागेपर्यंत. मग एका वर्षी रिकामी बरणी, स्वच्छ धुतलेली, चर्चच्या पायरीवर दिसली. चिठ्ठी नाही, काही नाही. ओटिली ती बरणी बराच वेळ उन्हात धरून बसली होती. गावातल्या बायका म्हणाल्या, "निदान चाखला तरी त्याने." पुढच्या जूनमध्ये पुन्हा भरलेली बरणी गेली, पुन्हा रिकामी आली. असे कितीतरी जून गेले. शब्द मात्र आला नाही.

एकदा विद्यापीठातली माणसे यंत्र घेऊन आली होती. जुनी भाषा बोलणारे थोडेच राहिले होते, त्यांचे आवाज टिपून ठेवायला. ओटिलीबाईंना चर्चच्या खोलीत बसवून ते म्हणाले, "आजी, एक ते शंभर मोजा." बाईंनी छान मोजले. सव्वीस म्हणाल्या, आणि मग अठ्ठावीस. त्या तरुणाला वाटले, म्हातारीची चूक झाली.

वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, फळबागा फुललेल्या असताना, ओटिली गेली. अंत्यविधीच्या दिवशी सकाळी आर्नो काठी टेकत चर्चमध्ये आला. तो आता चौऱ्याऐंशीचा होता. चर्चची पाद्री म्हणजे बाहेरून आलेली एक तरुण बाई, कॅरल. ती फुले लावत होती. आर्नोने कडीतून दोरी सोडवायला घेतली.

"आजोबा, आजोबा! पाटी वाचलीत ना? घंटा फार जुनी आहे. कुणाच्या डोक्यात पडली म्हणजे?"

"पडली तर माझ्याच पडेल. माझं डोकं हिच्याइतकंच जुनं आहे."

"पण मला परवानगी देता येणार नाही हो."

"मग डोळे मिटून घे पोरी. दहा-पंधरा मिनिटं लागतील."

कॅरलने खरेच डोळे मिटले नाहीत, पण ती बाजूला झाली.

पहिल्या ओढीला कबुतरे उडाली आणि माझ्या अंगावरून कित्येक वर्षांची धूळ खाली आली. दोन टोले. बाई गेली आहे. मग थोडे थांबून तो मोजू लागला, मोठ्याने, जुन्या भाषेत. चाळीसच्या पुढे तो दर टोल्याला दम घेऊ लागला. कॅरल मदतीला पुढे आली, तर त्याने मान हलवली. बाहेर रस्त्यावर बाहेरगावची माणसे थांबून वर बघत होती. कुणी मोजत नव्हते. मोजायला येणारेच कुणी उरले नव्हते.

"एक-आणि-ऐंशी," तो म्हणाला, आणि मी थांबले.

त्याने दोरी सोडली नाही. कपाळ तिच्यावर टेकवून तो बोलला. माझ्याशी नव्हे, कॅरलशीही नव्हे.

"ओटिली, तुझा राग नव्हता गं माझ्या मनात. सुरुवातीला होता, नाही कसा म्हणू? चार-पाच वर्षं होता. मग तो कधी गेला, मलाच कळलं नाही. नुसती न बोलायची सवय राहिली."

कॅरलने हळूच विचारले, "हे त्यांना कधी सांगितलं नाहीत, आजोबा?"

"दर रविवारी ठरवून यायचो. ती त्या तिथे बसायची. म्हणायचो, आज कॉफीच्या वेळी बोलतो. मग वाटायचं, इतकी वर्षं गेली, आता काय म्हणून सुरुवात करायची? लोक बघतील. हसतील." तो थांबला. "तिला ऐकायचं होतं ना गं?"

कॅरल जवळ आली. खाली बसून तिने त्याच्या बुटावर पडलेली धूळ झटकली.

मित्रांनो, मला जपा, मला पॉलिश करा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मी धातूची आहे, मी राहीन. माझे मागणे वेगळे आहे. कळले नाही, तर पुन्हा विचारा. आणि कुणी पुन्हा विचारले, तर हसू नका. एवढ्यानेही एखादी गाडी पाण्यात जायची थांबते. आणि मनातला राग विरघळून गेला असेल, तर ज्याच्यावर होता त्याला ते जाऊन सांगा. काय म्हणून सुरुवात करायची, ते सुचत नसेल तर वाईट सुरुवात करा, पण करा. त्या सकाळी आर्नो जे बोलला, ते मी नीट ऐकले. पण मी घंटा आहे. ते ज्याला ऐकायचे होते, ते माणूस पलीकडे फुलांखाली झोपले होते. माझे टोले माणूस गेल्यावरच सुरू होतात. तुम्हाला आधी बोलता येते.